पहिल्या टेबलाचं ‘न्हाई’

कुरुळीच्या त्या कारखान्यात पंपाची ॲल्युमिनियमची झाकणं तयार होत, आणि ती बरी की वाईट हे कुशाबाईचा उजवा अंगठा ठरवी. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. क्रेटमधलं एकेक झाकण उचलायचं, काठावरून अंगठा एकदा गोल फिरवायचा, कुठं खरखरलं की ते उलटं ठेवायचं. या कामात तिच्या डोळ्यांना काही काम नसे. ते खिडकीबाहेर, चाकणकडं रांगणाऱ्या कंटेनरांवर असत. क्रेटमधली चोवीस झाकणं झाली की ती मान न वळवता निकाल द्यायची. सगळा माल चांगला असेल तर ‘हाय’, एक जरी वाईट निघालं तरी ‘न्हाई’.

शेजारच्या संगणकावर हा निकाल चढवायचं काम वर्षाराणीचं. ती औसा तालुक्यातली, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इकडं आली आणि कुशाबाईच्याच चाळीत खोली घेऊन राहिली. म्हणजे घरी कुशाबाई तिची मालकीण, कंपनीत जोडीदारीण, आणि दोन्हीकडं बोलून घ्यायचा हक्क असलेली मावशी. वर्षाराणी क्रेटवरचा बारकोड टिपायची आणि मावशी म्हणेल ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. एच, ए, वाय. नाहीतर एन, एच, ए, आय. त्याप्रमाणे भिंतीपलीकडं लेबल छापून निघे. हिरवं लेबल लागलेला क्रेट गाडीत चढे, लाल लागलेला परत घासायला जाई. जुना प्रोग्राम ज्यानं बांधला तो माणूस म्हणे दिवसभर या टेबलाशी स्टूल टाकून बसला होता, आणि इथं जे शब्द बोलतात तेच त्यानं संगणकाला शिकवले होते. शहाण्या माणसांचं हे असंच असतं. काम करून निघून जातात आणि मागं कुणाला त्यांचं नावही आठवत नाही.

पाच आठवड्यांपूर्वी तो प्रोग्राम जाऊन नवा आला. त्याचं शिक्षण चिंचवडच्या एका हॉटेलात झालं, फक्त साहेब लोकांसाठी, जेवणासकट. टेबलावर काम करणाऱ्यांच्या वाट्याला अकरा पानांचं इंग्रजी पत्रक आलं. निकालाच्या चौकटीत आता काय लिहायचं, असं वर्षाराणीनं सुपरवायझरला विचारलंही होतं. त्यानं पत्रक न उघडताच पहिल्यासारखंच लिही म्हणून सांगितलं. ती पहिल्यासारखंच लिहीत राहिली आणि संगणकानं हूं की चूं केलं नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला अर्जुनराव पहिल्या टेबलाशी आले. अर्जुनराव क्वालिटीचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हाती अधिकार असला की पहिला बळी जवळच्याचा जातो. ग्राहक कंपनीनं चौदा क्रेट परत पाठवले होते, सगळे पहिल्या टेबलावरून गेलेले. अर्जुनरावांनी नव्या प्रोग्रामचा तक्ता काढून आणला होता. दुसऱ्या टेबलावर विजयश्रीनं पाच आठवड्यांत सतरा क्रेट नाकारले होते. पहिल्या टेबलावर नाकारलेले क्रेट शून्य. दुपारी दोन वाजता ग्राहकाकडून तनुजा मॅडम जाब विचारायला येणार होत्या, आणि त्यांना द्यायच्या कागदावर ‘काय उपाय केला’ या रकान्यात अर्जुनरावांनी लिहूनही टाकलं होतं की तपासणारी बाई बदलली. सोमवारपासून कुशाबाई पॅकिंगला.

“शून्य?” कुशाबाई म्हणाली. “आठवड्यात दोन-तीनदा तरी म्या न्हाई म्हनती, सायेब. ही पोरगी हाय की साक्षीला.”

तोंडी साक्ष मॅडमना चालत नाही, असं अर्जुनराव म्हणाले. शिवाय तुम्ही खरंच नाही म्हणत असाल तर या मुलीनं टाइप काय केलं हाही प्रश्नच आहे, असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून वर्षाराणीकडं पाहिलं. मावशीचं ‘न्हाई’ तिनं या कानांनी ऐकलं होतं, पण या बोटांनी काय लिहिलं याची तिला त्या क्षणी शपथ घेता येईना.

पॅकिंग म्हणजे काही काळं पाणी नव्हे. सावलीतलं काम, पगार तोच. पण अकरा वर्षं जिच्या अंगठ्यानं माल पास झाला तिला खोक्यांना चिकटपट्टी मारायला बसवायचं, आणि तेही खोटा शिक्का मारून, हे वर्षाराणीला सहन होईना. कुशाबाईनं पुढचं झाकण उचललं आणि काठावरून अंगठा एकदा फिरवायच्या ऐवजी दोनदा फिरवला. ते पाहून वर्षाराणी उठलीच.

तिनं अर्जुनरावांना गाठलं आणि समजावलं. तुम्ही बघता तो तक्ता म्हणजे कोठाराच्या दारावरची पाटी. खरा माल आत, डेटाबेसमध्ये असतो, कुणी कुठल्या क्रेटला काय लिहिलं ते मिनिटासकट. मला आत जाऊन बघू द्या. अर्जुनरावांनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आतली नोंद हवी असेल तर अर्ज करा, कामाचे आठ दिवस लागतील, असं उत्तर आलं. दोन वाजायला तीन तास उरले होते.

मग त्यांनी हेड ऑफिसच्या आयटीतल्या प्रज्वलला फोन लावून वर्षाराणीच्या हातात दिला. प्रज्वल चोवीस वर्षांचा, भला पोरगा. ताई, डेटाबेसला जोडणारा प्रोग्राम लिहायचा तर आधी प्रोग्राम लिहायचं मोठं सॉफ्टवेअर त्या पीसीवर टाकावं लागेल, आणि त्याला तीन सह्या लागतात, त्यातली एक सही सध्या लग्नासाठी नागपूरला गेली आहे, असं त्यानं सांगितलं. वर्षाराणी म्हणाली की काही टाकायचं नाही. नोटपॅड आहे तेवढं पुरे.

“नोटपॅडमध्ये?” प्रज्वल म्हणाला. “ताई, नोटपॅडमध्ये आपण वाणसामानाची यादी लिहितो.”

त्याचंही चुकलं नव्हतं. तो शिकला तेव्हापासून मोठ्या सॉफ्टवेअरच्या मांडीवर बसूनच लिहीत आला होता. अर्धी ओळ लिहावी, उरलेली ते आपण होऊन पुरी करतं, चुकलं तर लाल रेघ मारून सांगतं. वर्षाराणीच्या कॉलेजातले संगणक इतके म्हातारे होते की ते सॉफ्टवेअर उघडेपर्यंत तास संपायचा. शेवटी वैतागून सरांनी वर्गाला सांगितलं होतं की काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला घालता? प्रोग्राम लिहायला नोटपॅड पुरतं, आणि त्या लिखाणाचा चालता प्रोग्राम करून देणारा कंपायलर विंडोजच्या पोटात आधीपासूनच असतो. तो कुठल्या फोल्डरात दडून बसतो तो पत्ता सरांनी सगळ्यांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. वर्षाराणीनं तो फोनवर घडाघडा म्हणून दाखवला. पलीकडं काही वेळ नुसती बटणं वाजली. मग प्रज्वल हळू आवाजात म्हणाला की आहे खरंच, माझ्याही मशीनमध्ये आहे. त्या पीसीला डेटाबेस वाचायची मुभा आहे, बदलायची नाही, तेव्हा खुशाल वाचा, असं सांगून त्यानं जमलं तर मलाही पाठवा अशी पुस्ती जोडली.

टेबलावर टायपिंगला तेवढ्यापुरता ट्रॉलीवाला गोरक्ष बसला, आणि वर्षाराणीनं क्वालिटीच्या खोलीत नोटपॅड उघडलं. पांढरं कोरं पान. अर्जुनराव मागं येरझाऱ्या घालत होते. नव्या प्रोग्रामच्या फोल्डरात सेटिंगची फाइल होती. डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, त्याचं नाव काय, हे तिथून तिनं उतरवून घेतलं. मग चाळीसेक ओळी लिहिल्या. अमुक मशीनशी बोल, अमुक डेटाबेस उघड, पहिल्या टेबलाच्या गेल्या पाच आठवड्यांच्या नोंदी आण, त्यातल्या ज्या ‘हाय’ नाहीत तेवढ्या दाखव. एवढंच मागणं. पण संगणकाकडं मागणं मागायचं म्हणजे एखाद्या रुसक्या व्याह्याला जेवायला बोलावण्यासारखं असतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला की पान वाढून घेत नाही.

तिनं संगणकाला हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून कंपायलरला फाइल दिली. अशी फाइलच नाही, असं उत्तर आलं. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की नोटपॅडनं आपल्या सवयीनं नावाला टीएक्सटीचं शेपूट लावलं होतं. शेपूट कापलं. मग एक अर्धविराम राहिला होता. तो दिला. मग मशीनच्या नावावर घोडं अडलं. त्या नावात एक उलटी तिरकी रेघ होती, आणि तिच्याकडं बघून कंपायलर सारखा कुरकुरत होता. मोठ्या सॉफ्टवेअरनं बोट धरून चूक दाखवली असती. इथं स्वतःच ओळीवर बोट ठेवून वाचत जायचं होतं.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. कुशाबाई डबा न उघडता थेट खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिला आत ये म्हणायचं अर्जुनरावांना सुचलं नाही, पण ती आली.

“झालं का गं?”

“नाही मावशी. एक रेघ छळतीय.”

“मंग दोनदा मार तिला,” कुशाबाई सहज म्हणाली. तिच्या मते घरातल्या किल्ल्या, कुकर, टीव्हीचा रिमोट अशा पुष्कळ गोष्टी दोनदा मारल्यावर सुधारत.

वर्षाराणी तिच्याकडं बघतच राहिली. सरांनी हेच तर शिकवलं होतं की अवतरणातली उलटी रेघ दोनदा लिहायची असते, एकदा लिहिली तर कंपायलर तिचा भलताच अर्थ लावतो. तिनं रेघेशेजारी रेघ मारली. काळी खिडकी या वेळी काहीच बोलली नाही, आणि कंपायलर काही बोलत नाही तेव्हाच तो राजी असतो. तिनं प्रोग्रामचं नाव लिहून एंटर दाबलं.

क्षणभर काही नाही. मग एकाखाली एक पंधरा ओळी उमटल्या. तारीख, वेळ, क्रेटचा नंबर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच चार अक्षरं, एन, एच, ए, आय.

अर्जुनराव पुढं वाकले. रोज पुणे-नाशिक हायवेवरच्या पाट्या वाचत येणारा माणूस, त्यांना त्या अक्षरांचा एकच अर्थ ठाऊक. “हे हायवेवाल्यांचं नाव आपल्या झाकणांवर कशाला?” त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“सर, ते न्हाई आहे,” वर्षाराणी म्हणाली.

तिनं परत आलेल्या क्रेटची यादी शेजारी धरली आणि एकेक नंबर जुळवला. चौदाच्या चौदा तिथं होते. कुशाबाईनं प्रत्येकाला न्हाई म्हटलं होतं, वर्षाराणीनं प्रत्येकापुढं लिहिलं होतं, आणि तरी प्रत्येकाला हिरवं लेबल लागून तो गाडीत चढला होता. घोडं पेंड कुठं खातंय ते बघायला तिनं दुसऱ्या टेबलाच्याही नोंदी काढल्या. विजयश्रीनं वाईट क्रेटपुढं पत्रकात सांगितल्याप्रमाणे ‘एनजी’ लिहिलं होतं, म्हणजे ‘नॉट गुड’. प्रज्वलला फोन केला, त्यानं नवा प्रोग्राम तपासून सांगितलं की हो, तो फक्त एनजीला लाल धरतो. बाकी काहीही लिहा, रामराम लिहा, तो हिरवंच देतो.

अर्जुनराव खुर्चीत बसले. कुशाबाईचा प्रश्न मात्र फार साधा होता. “म्हंजी म्या बोलले त्ये समदं आत हाय?”

“सगळं आहे, मावशी.”

“मंग वाच.”

वर्षाराणीनं वाचलं. तारीख, नंबर, न्हाई. तारीख, नंबर, न्हाई. कुशाबाई डोळे मिटून ऐकत होती आणि दर न्हाईला मान हलवत होती. पाच आठवडे आपलं बोलणं वाऱ्यावर गेलं नाही, कुठंतरी जपून ठेवलेलं होतं, याचा तिला झालेला आनंद लपत नव्हता. तिनं पदरानं डोळ्यांचे कोपरे पुसले आणि अर्जुनरावांसमोरच डबा उघडला.

दोन वाजता तनुजा मॅडम आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पंधरा ओळी वाचल्या आणि पंधराव्या नंबरावर पेन टेकवलं. हा क्रेट आम्ही परत पाठवलेला नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ऑफिसला फोन करून खात्री केली. त्या क्रेटमधली चोवीसच्या चोवीस झाकणं पंपांना बसली होती, चाचणीत पास झाली होती, एकही दोष नव्हता.

“म्हणजे तुमच्या बाई चांगल्या मालालाही नाही म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “मग बाकीचे चौदा अंदाजानं लागले नसतील कशावरून?”

अर्जुनरावांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा झाला. कागदावरचा तो रकाना त्यांनी अजून खोडला नव्हता. कुशाबाई म्हणाली की आपण चांगल्या झाकणाला जन्मात न्हाई म्हटलेलं नाही, पण आता तिच्या आवाजात पहिल्यासारखा ठणका नव्हता. त्या क्रेटचं तिला काही आठवत नव्हतं, आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं.

वर्षाराणीनं मॅडमकडं दोन मिनिटं मागितली. तिनं नोटपॅडमधली एकच ओळ बदलली. आता ‘हाय’ नसलेल्या नोंदी नकोत, या एका क्रेटच्या जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या दाखव. जतन केलं, कंपायलरला दिलं, एंटर दाबलं. दोन ओळी आल्या. त्याच क्रेटला अकरा वाजून दोन मिनिटांनी न्हाई. अकरा वाजून चार मिनिटांनी हाय.

एकाच क्रेटला दोन निकाल? वर्षाराणी वेळेच्या त्या आकड्याकडं बघत राहिली. अकराला चहाची किटली येते. अकरा वाजून दोन मिनिटांनी मावशीच्या हातात क्रेटचं मधलंच कुठलं तरी झाकण असणार, आणि आपण शेजारी बसून... तिला सगळं आठवलं. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण मग पंधरावा न्हाई कुशाबाईच्या माथी कायमचा बसला असता.

“मॅडम, ही चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी मावशींना विचारलं होतं, चहा झाला का. त्या म्हणाल्या, न्हाई. आणि मी ते टाइप केलं.”

मग कुशाबाईला आठवलं.

“व्हय, व्हय. त्या दिशी किटलीवाल्या भैरूनं आमच्या टेबलाला गाळलं हुतं. मंग म्या चोवीस झाकनं पुरी केली आन् हाय म्हनले. हिनं पुन्यांदा लिवलं असंल.”

पहिल्यांदा तनुजा मॅडम हसल्या. हसू आवरायला त्यांनी कागद तोंडापुढं धरला, पण तो इतका हलायला लागला की मग त्यांनी तो खाली ठेवून दिला आणि सरळ हसल्या. अर्जुनराव हसावं की नाही हे मॅडमकडं बघून ठरवणारे, त्यांनाही सुटका झाल्यासारखं हसू आलं. वर्षाराणी तेवढी रडवेली झाली होती. कुशाबाईनं तिच्या पाठीवर एक धपका मारला. तो मायेचा होता, पण लागला.

मॅडमनी कुशाबाईला परत आलेल्या एका क्रेटमधली तीन झाकणं डोळे मिटून तपासायला दिली. तिनं मधलं उलटं ठेवलं. मॅडमनी स्वतः त्याच्या काठावरून बोट फिरवलं, त्यांना काही लागेना. कुशाबाईनं त्यांचा अंगठा धरून नेमक्या जागी टेकवला, तेव्हा त्यांनी हळूच “अरे हो” म्हटलं. अर्जुनरावांनी रकान्यातली ओळ खोडली. चुकलं आमचं कुशाबाई, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि घाबरट माणसाला हे म्हणायला किती जड जातं ते वर्षाराणीला दिसलं. त्या रकान्यात आता मॅडमच्या सल्ल्यानं दोन उपाय आले. एक, नव्या प्रोग्रामला ‘न्हाई’ शिकवावं. ते काम प्रज्वल संध्याकाळच्या आत करणार होता. दोन, तपासणी चालू असताना टाइप करणाऱ्यानं चहापाण्याची चौकशी करू नये.

दुसरा उपाय वाचून दाखवल्यावर कुशाबाई म्हणाली की हे काही खरं नाही. ही पोरगी विचारल्याबिगर राहायची नाही, हिचा सोभावच तसा. त्यापेक्षा माझं न्हाई मीच लिहीन. अर्जुनरावांनी लगेच सुचवलं की मग एनजी लिहा, दोनच बटणं दाबावी लागतील. कुशाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी तो विषय तिथंच सोडला.

पाळी सुटायला पाऊण तास होता. टेबलाशी आल्यावर वर्षाराणीनं तिला चारही बटणं दाखवली, हायची तीन निराळी दाखवली. कुशाबाईनं क्रेट ओढला आणि खिडकीबाहेर बघत कामाला लागली. एकोणिसाव्या झाकणावर अंगठा थांबला. ते तिनं उलटं ठेवलं, उरलेली पाचही तपासली आणि “न्हाई” म्हणून कीबोर्डकडं वळली. एन लगेच सापडला. एच शोधायला वेळ लागला. मागं गोरक्षची ट्रॉली येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं दुसरी. वर्षाराणीचं बोट दोनदा पुढं झालं आणि दोन्ही वेळा तिनं ते मागं घेतलं. कुशाबाई उजव्या अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत होती, आणि ती चारही अक्षरं उमटेपर्यंत कुणी घाई केली नाही.